ती 'मी' का म्हणते? एकपात्री प्रयोग, सावित्रीबाई आणि मोलगीतला एक प्रश्न

हा भाग कानांनी ऐकण्याऐवजी डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. बोलण्यातली वळणं बरीचशी तशीच ठेवलीत, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट मोलगीतून सुरू होते. नकाशात शोधायची तर नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर आलं की सातपुड्याच्या कुशीत हे बाजाराचं गाव लागतं. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं इथे येतात, भगर आणि आमचूर विकतात, मीठ-मिरची-कपडा घेऊन परत जातात. बाजारात उभं राहून नुसता कान दिला तरी कळतं, की इथे मराठी ही दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. घरातली भाषा भिल्लांची किंवा पावरांची. मराठी शाळेत भेटते, बँकेत भेटते, एसटीच्या पाटीवर भेटते.

तर इथल्याच काही शाळकरी मुलांशी मी गप्पा मारत होतो. विषय होता एकपात्री नाटक. मी रंगात येऊन 'व्हय मी सावित्रीबाई'बद्दल सांगत होतो. एकच बाई उभी राहते, फारसं नेपथ्य नाही, सोबत दुसरं पात्र नाही, आणि ती सांगायला लागते, की मी सावित्री, मी शाळा काढली, माझ्यावर शेण फेकलं. मुलं छान ऐकत होती. मग मागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, ती बाई सावित्रीबाई नाहीये ना?"

म्हटलं, नाही, नटी आहे.

"मग ती 'मी' का म्हणते?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. 'नाटकात असंच असतं' असं काहीतरी पुटपुटलो. घाट उतरताना मात्र तो प्रश्न सोबत उतरला. गेलेल्या लेखकाच्या किंवा लेखिकेच्या तोंडून 'मी' म्हणायचा हक्क कोणाला? कुठून येतो तो? आजचा भाग त्याचा शोध आहे.

आधी आपल्याकडचं बघू. मराठी माणसाला 'एकपात्री' म्हटलं की दोन नावं पटकन आठवतात. एक पु. ल. देशपांडे. 'बटाट्याची चाळ' १९६१ मध्ये त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली. अख्खी चाळ, सगळी बिऱ्हाडं, एका माणसात. दुसरे लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करत राहिला आणि त्यातली बावन्न पात्रं एकटा वठवत राहिला. पण या दोघांनी सांगितलं ते स्वतःच लिहिलेलं. तिथे 'मी' म्हणायला अडचण नव्हती. आपल्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या आयुष्याचा, दुसऱ्याच्या शब्दांचा प्रयोग करणाऱ्याचं काय?

तेही आपल्याकडे नवं नाही. नाटक हा शब्द बाजूला ठेवा आणि देवळातलं कीर्तन आठवा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान तुकोबांचं असलं तर बघा काय होतं. कीर्तनकार तुकोबा होतो, त्यांची बायको होतो, गावातला टवाळ होतो, मध्येच अभंग म्हणतो आणि मध्येच बाहेर येऊन श्रोत्यांना दोन शब्द सुनावतो. एक माणूस, मागे टाळ-मृदंग किंवा पेटी-तबला, आणि समोर एका कवीचं आयुष्य त्याच्याच कवितेसकट. याला दुसरं काय म्हणायचं? ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पुरा केला, १७७४ मध्ये 'भक्तलीलामृत'. संतकवींच्या या चरित्रांनी पुढच्या पिढ्यांतल्या कीर्तनकारांना आख्यानांचं भांडारच दिलं.

आणि हा साचा किती पक्का होता, याचा एक पुरावा तुम्हाला आवडेल. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायली मंडळींनी, म्हणजे कोकणातून आलेल्या आपल्या मराठी ज्यूंनी, मराठीत कीर्तनं सुरू केली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत, तीच ही माणसं. आख्यानं अब्राहमाची, योसेफाची. भाषा मराठी, चाली मराठी, धर्मकथा ज्यूंची.

आता इथून जरा लांब जायचंय, युरोपात. कारण आपले ज्यू मराठी बोलत होते, त्याच काळात पूर्व युरोपातले त्यांचे धर्मबांधव यिद्दिश बोलत होते. लिपी हिब्रू, पाया जुन्या जर्मनचा, आणि त्यात हिब्रू आणि स्लाव भाषांतले शब्द भरपूर. घरात, बाजारात, भांडणात, अंगाईत हीच भाषा. तिला ते 'मामे-लोशन' म्हणत, आईची भाषा. पण शिकलेल्या माणसांना तिची लाज वाटायची. देवाधर्माला हिब्रू, नोकरीधंद्याला रशियन, आणि यिद्दिश म्हणजे नुसतं 'जार्गन', धेडगुजरी बोली. ऐकल्यासारखं वाटतंय ना कुठेतरी?

या भाषेत १८८३ मध्ये एक तरुण लिहायला लागला. नाव शोलेम राबिनोविच, जन्म १८५९, आजच्या युक्रेनमधला. असल्या भाषेत लिहायचं तर खरं नाव कशाला लावा, म्हणून त्याने टोपणनाव घेतलं. तेही कसलं? 'शोलेम आलेखेम'. याचा अर्थ 'तुम्हाला शांती लाभो'. रस्त्यात भेटल्यावर करायचा नमस्कार आहे तो, आपल्या 'सलाम आलेकुम'चा सख्खा भाऊ. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने लेखक म्हणून 'रामराम पाव्हणं' असं नाव घ्यावं, तसं.

त्याचा तेव्ये दूधवाला पुढे जगभर गेला. १९६४ चं 'फिडलर ऑन द रूफ' हे अमेरिकन संगीत नाटक त्याच कथांवर उभं आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की शोलेम आलेखेम स्वतः गावोगाव फिरून आपल्या कथा वाचून दाखवायचा. लोक तुडुंब गर्दी करायचे. १९०८ मध्ये अशाच दौऱ्यात तो क्षयाने कोसळला, आणि नंतरची काही वर्षं बरीचशी उपचारांतच गेली. १९१६ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला, तेव्हा अंत्ययात्रेला लाखावर माणसं रस्त्यावर होती. त्याने मृत्युपत्रात दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. मला बड्या लोकांत पुरू नका, साध्या कष्टकरी माणसांच्या शेजारी जागा द्या. आणि माझ्या पुण्यतिथीला जमून माझी एखादी चांगली हसवणारी गोष्ट वाचा, ज्या भाषेत तुम्हाला कळेल त्या भाषेत.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ज्याने आयुष्यभर एका हिणवलेल्या भाषेसाठी जीव टाकला, तोच म्हणतोय की तुम्हाला कळेल त्या भाषेत वाचा. एका अर्थाने पुढच्या सगळ्या नटांना त्याने परवानगीच देऊन ठेवली.

ती परवानगी ज्यांनी वापरली त्यांतला एक थिओडोर बिकेल. व्हिएन्नात १९२४ मध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. हिटलरने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला तेव्हा कुटुंबासकट देश सोडावा लागला. पुढे तो अमेरिकेत मोठा नट आणि गायक झाला, आणि तेव्येची भूमिका त्याने दोन हजारांहून अधिक वेळा केली. मग वयाच्या ऐंशीनंतर त्याने शोलेम आलेखेमवर एकट्याचा प्रयोग लिहिला आणि स्वतःच केला. त्यात लेखकही तोच, लेखकाची पात्रंही तोच, मध्ये यिद्दिश गाणी.

आता इथे थोडं थांबू. एकट्याने लेखक साकारायची पद्धत अमेरिकेत आधीपासून होती. हॅल होलब्रूकने १९५४ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, म्हाताऱ्या मार्क ट्वेनचा प्रयोग सुरू केला आणि तो २०१७ पर्यंत केला. मार्क ट्वेन चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेला होता. शेवटी शेवटी नट भूमिकेपेक्षा कितीतरी म्हातारा झाला होता! पण ट्वेनचे वाचक जागेवर होते. इंग्रजी कुठे गेली नव्हती. बिकेलचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी यिद्दिश बोलणारे जगात साधारण १ कोटी १० लाख होते. हिटलरच्या राजवटीत ६० लाख ज्यू मारले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य यिद्दिश बोलणारे होते. शोलेम आलेखेमचं वाक्य पुरं व्हायच्या आत जे खदाखदा हसले असते, ते श्रोतेच गेले. अशा वेळी म्हाताऱ्या नटाने 'मी शोलेम आलेखेम' म्हणणं हे सोंग उरत नाही. ती साक्ष होते.

आपल्या मुलीच्या प्रश्नाला हे पहिलं उत्तर. बोलणारा उरला नाही, म्हणून कोणीतरी 'मी' म्हणतं.

आता परत महाराष्ट्रात येऊ, सावित्रीबाईंकडे. त्या लेखिका होत्या हे आपण अजूनही विसरतो. जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह १८५४ मधला आहे, हे किती जणांना माहीत असतं? जोतिबांना लिहिलेली त्यांची तीन पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. शेवटचं ओतूरहून, दुष्काळाच्या ऐन भरात लिहिलेलं. १८९० मध्ये जोतिबा गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून त्या पुढे चालल्या. १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन गेल्या.

गेल्यावर त्यांचं लेखन जवळजवळ शतकभर सामान्य वाचकाच्या हाती सहज पडत नव्हतं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलं ते १९८८ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, सुषमा देशपांडे 'व्हय मी सावित्रीबाई' घेऊन उभ्या राहिल्या. पत्रकारितेतून रंगभूमीकडे आलेल्या या बाईंनी ते स्वतः लिहिलं, स्वतःच बसवलं आणि स्वतःच केलं. नाट्यगृहांतही केलं आणि गावोगावच्या बायकांसमोरही. पुढे ते हिंदीत आणि इंग्रजीतही गेलं.

त्या शीर्षकातला पहिला शब्द बघा. 'होय' नाही, 'व्हय'. आता गंमत अशी की सावित्रीबाईंची स्वतःची कविता आणि पत्रं वाचलीत तर भाषा बऱ्यापैकी लिखित वळणाची आहे. वृत्तं आहेत, संस्कृत शब्द आहेत. ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती त्यांच्यातली एक बाई शिकली, आणि तिने ती शिकलेली भाषा ऐटीत वापरली. ती तिची कमाई होती. मग नाटकात 'व्हय' का? कारण समोरची बाई. जिने 'काव्यफुले' हातात घेतलेलं नाही, कदाचित वाचताही येत नाही, तिला सावित्री आपल्यातली वाटायला हवी. इथे नटीने मूळ लेखिकेपासून थोडं अंतर घेतलं, ते श्रोत्याजवळ जाण्यासाठी. इतिहासाच्या काटेकोर माणसाला हे खटकू शकतं, आणि त्याचं खटकणं चूक नाही. तीन पत्रं आणि काही कविता-भाषणं एवढ्यावर पूर्ण आयुष्य उभं करायचं म्हणजे मधल्या जागा कल्पनेने भरणं आलंच. पाहणाऱ्याने हे मनात ठेवावं. पण शोलेम आलेखेमचं मृत्युपत्र आठवा. 'तुम्हाला कळेल त्या भाषेत.' सुषमाताईंनी नेमकं तेच केलं, असं मला वाटतं.

तेव्हा दुसरं उत्तर. पुस्तक जिथे पोहोचत नाही तिथे माणूस पोहोचतो, आणि तो 'त्या' म्हणण्याऐवजी 'मी' म्हणाला तर ऐकणाऱ्याला आपणही 'मी' म्हणू शकतो असं वाटायला लागतं. एकपात्री प्रयोगाची खरी ताकद त्याच्या गरिबीत आहे. ट्रक नको, नेपथ्य नको, वीज गेली तरी चालतं. एक पिशवी आणि एसटीचं तिकीट.

पण मंडळी, इथेच सगळं गोड करून संपवलं तर मोलगीच्या मुलीवर अन्याय होईल. कारण तिच्या प्रश्नाला एक तिसरी बाजू आहे, आणि ती तिच्याच जिल्ह्यातल्या एका कवीने फार आधी दाखवली आहे. वाहरू सोनवणे. शहादा भागातले भिल्ल कवी. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात तिथे गेलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी आदिवासींनी जो लढा उभारला, अंबरसिंग सुरतवंतींचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे, त्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतले ते कार्यकर्ते. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. भिलोरी आणि मराठी, दोन्हींत ते लिहितात. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कवितेचं नावच 'स्टेज' आहे. व्यासपीठावर कोणीतरी वेगळंच, आणि ज्यांच्या दुःखाचं भाषण चाललंय ते खाली बसून ऐकताहेत. लहानशी कविता, पण ती माहीत झाल्यावर कुठल्याही व्यासपीठावर चढताना पाय थोडा अडखळतो. माझा तर अडखळतो. आता हा माइक हातात धरतानाही.

म्हणजे 'मी' म्हणणं नेहमीच साक्ष असतं असं नाही. कधी ती दुसऱ्याची जागा बळकावणंही असतं. ओळखायचं कसं? मला सुचलेली कसोटी साधी आहे. प्रयोग संपल्यावर खाली बसलेल्या माणसाला वर यावंसं वाटतं का? 'व्हय मी सावित्रीबाई' त्या कसोटीला उतरतं, कारण त्यानंतर इतर अभिनेत्रींनीही सावित्री आपल्या अंगावर घेतली, आणि शाळाशाळांत ३ जानेवारीला लहान मुली कपाळावर आडवी चिरी रेखून 'मी सावित्री' म्हणत उभ्या राहतात. सुषमाताई स्वतः पुढे ऊर्मिला पवारांचं 'आयदान' रंगमंचावर आणताना एकट्या उभ्या राहिल्या नाहीत. एका आत्मचरित्राचा 'मी' त्यांनी तीन अभिनेत्रींत वाटून दिला. 'मी' वाटता येतो, हे मला तेव्हा कळलं.

आता आकड्यांकडे एकदा बघून घेऊ. २०११ च्या जनगणनेत भिल्ली-भिलोडी या नावाखाली मोजलेल्या भाषा बोलणारे १ कोटी ४ लाख आहेत. महायुद्धाआधीच्या यिद्दिशच्या जवळपास. यात बऱ्याच वेगवेगळ्या बोली एकत्र मोजल्या आहेत हे खरं. तरी संथाळी, जिला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, ती बोलणारे त्याच जनगणनेत ७४ लाखांच्या आसपास आहेत. भिल्ली त्या अनुसूचीत अजून नाही. यिद्दिशचे बोलणारे मारले गेले. इथे बोलणारे आहेत, धडधाकट आहेत, होळीला कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून रात्रभर नाचताहेत. शेजारच्या काठीची राजवाडी होळी बघायला तर लांबून माणसं येतात. नटांची उणीव नाही. रात्र रात्र जागवणाऱ्या सोंगाड्या पार्ट्या याच जिल्ह्यात आहेत. सोंग आणणं या मातीला कोणी शिकवायला नको.

उणीव आहे ती एकाच गोष्टीची. इथल्या एखाद्या कवीचं आयुष्य, त्याच्या कवितांसकट, इथल्याच कोणी मुलीने किंवा मुलाने, घरच्या भाषेत उभं राहून सांगणं. खानदेशाला हे परकं नाही. जळगावकडच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली, त्या १९५१ मध्ये गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं म्हणून ती आपल्याला मिळाली. आज कितीतरी जणी नऊवारी नेसून 'मी बहिणाबाई' म्हणत उभ्या राहतात. सातपुड्याच्या वरच्या रांगेत तो 'मी' अजून ऐकू यायचाय.

त्या मुलीला मी नंतर निरोप पाठवला, तिच्या गुरुजींच्या फोनवर. उत्तर म्हणून नाही, कारण तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा आहे. एवढंच सांगितलं, की जिची गोष्ट आहे ती बोलू शकत नसेल तेव्हा दुसरी कोणी 'मी' म्हणते. आणि तुझी गोष्ट असेल तेव्हा तू दुसऱ्या कोणाला म्हणू देऊ नकोस, तूच म्हण.

गुरुजींचा फोन आला दोन दिवसांनी. म्हणाले, "तिने विचारलंय, मराठीतच म्हणायला पाहिजे का?"

म्हटलं, अजिबात नाही. जी भाषा तुझ्या आजीला कळेल, त्या भाषेत.

भेटू पुढच्या भागात. रामराम मंडळी.